पाव्हण्यांना ओवाळायचं कुणी?

राजारामपुरी, कोल्हापूर
३ जानेवारी २०२५

ती. स्व. दादास,
क्रांतीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसता हो-हो करतोस आणि विसरतोस, म्हणून पत्रच धाडते. वैश्विक किरणांवरच्या आपल्या प्रकल्पाची बैठक अखेर आमच्या विद्यापीठात ठरली. जपान, इटली, जर्मनीची माणसं आणि बंगळूरहून तुझा अख्खा गट, सगळे आमच्या प्रयोगशाळेत बनलेली यंत्रं बघायला येणार. उदयसिंह सर, आमचे विभागप्रमुख, त्यांनी स्वागताचं सगळं माझ्यावर टाकलंय. फेटे बांधणारा ठरवला. तांबडा रस्सा परदेशी पाव्हण्यांना झेपायचा नाही, त्यांना पांढरा वाढू. तुझीही जीभ तिकडं मऊ पडली असेल तर आधीच कळव.

आणि एक सांगायचंय. दारात औक्षण मी करणार आहे. आमचे कृष्णात गेले, त्यानंतर चार वर्षं मी कुणाला ओवाळलेलं नाही. नवरा गेलेल्या बाईला शेजारचे बारशालासुद्धा सगळं उरकल्यावर बोलावतात. सर म्हणाले की यजमान तुम्ही, तर ताट तुमच्याच हातात पाहिजे. घरी येऊन रडले, दादा. आनंदानं रडले. पहिलं तुलाच ओवाळणार!

वहिनींना नमस्कार, तेजस्वीला आशीर्वाद. माया आहे ती असू दे.
तुझी क्रांती

बंगळूर
११ जानेवारी

चि. क्रांतीस, अ. उ. आ.

पत्र वाचून फार हसलो. तांबड्याला मी अजून भीत नाही, भरपूर करून ठेव. यंत्रं माझ्या बहिणीनं बनवलीत, तेव्हा चुका जरा बेतानं काढा, असं गटातल्या सगळ्यांना बजावलंय. इकडं तेजस्वीच्या लग्नाची धांदल आहे. पोरीचं निर्विघ्न पार पडलं म्हणजे सुटलो.

तू स्वागताची दगदग करून घेऊ नकोस. तुझं भाषण महत्त्वाचं. तू आत सभागृहात बस, दारात उभं राहायला पोरी आहेत की. उदयसिंह सरांशीही बोललोय. भला माणूस आहे.

तब्येतीला जप.
तुझा दादा, अमरसिंह

राजारामपुरी
२४ जानेवारी

ती. स्व. दादास, सा. न.

बैठक झकास झाली, असं सगळे म्हणतात. तुमची गाडी निघाली तेव्हा मी हात हलवला नाही, ते तुला दिसलं असेल.

पाव्हणे फाटकात आले, मी निरांजन लावलं, आणि सरांनी माझ्या हातातलं ताट घेऊन स्नेहलला दिलं. ती आमच्या ऑफिसातली मुलगी, लग्नाला दोन महिने झालेत. मी आपली खांबामागं सरकले, सवयच लागलीय आता. तू कुंकू लावून घेतलंस, फेटा बांधून घेतलास, हसत फोटो काढलेस. माझ्याकडं एकदाही बघितलं नाहीस. इटलीच्या बाईंनी विचारलं की तुम्ही का नाही ओवाळत. मी हात भाजलाय म्हणून सांगितलं. आपली लाज आपणच झाकायची, दुसरं काय!

संध्याकाळी सरांना गाठून भांडले. ते म्हणाले की तुमच्या भावानंच फोन करून तसं सुचवलं होतं. आपल्या जिल्ह्यातल्या गावांनी विधवांच्या प्रथा बंद करायचे ठराव केले, तेव्हा भाषणात त्यांचं तोंडभरून कौतुक तूच केलं होतंस की! ते टाळ्यांपुरतं होतं काय? खरं काय ते लिही.
क्रांती

बंगळूर
३१ जानेवारी

चि. क्रांतीस, अ. उ. आ.

तुझा राग मला समजतो. मी असलं काही मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण लग्न तोंडावर आलेलं, आणि आईनं फोनवर फारच गळ घातली. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडवेना. तिला मात्र काही बोलू नकोस, तिला लागेल. तू लग्नाला चार दिवस आधी ये. तुझ्यावाचून घर भरल्यासारखं वाटत नाही.

राग सोड.
तुझा दादा

चंदगड
९ फेब्रुवारी

ती. दादास,

काल एसटीनं आईकडं आले. बोलू नकोस म्हणालास, म्हणून तर आले. भांडायला नाही, नुसतं विचारायला. आईनं सांगितलं की मी ओवाळणार हे तिला तुझ्याच तोंडून कळलं होतं. तेव्हा क्रांतीच्याच हातनं ओवाळून घे, पोर लई दिसांनी हसलीय, असं तिनं तुला दोनदा बजावलं होतं. तू व्हय म्हणालास म्हणे. औक्षण कसं झालं म्हणून ती मलाच विचारत होती. छान झालं म्हटलं. तुझं खोटं मी तिला सांगितलं नाही. तुझा फार अभिमान आहे तिला, तेवढा राहू दे तिच्याजवळ.

आईनं अडवलं असतं तर मी गिळलं असतं, दादा. ती कधी शाळेत गेली नाही. तू एवढा शिकलास आणि माझ्या हाताला भ्यालास. वर ते पाप म्हातारीच्या माथी मारलंस. हे मला सोसत नाही.

लग्नाला येणार नाही. आहेर आईबरोबर पाठवते. त्याला माझा हात लागलेला नाही, दुकानातून परस्पर बांधून घेतलाय. वहिनींना म्हणावं, निर्धास्त राहा. तेजस्वीला माझे आशीर्वाद सांग. इतक्या लांबून दिलेले चालतील ना?
क्रांती