तुलनेचा प्लॉट

२ डिसेंबर १९९३
आजपासून रोज डायरी. जैवतंत्रज्ञान आणि शाश्वत शेती यांचं अर्थशास्त्र माझ्याइतकं कुणालाच कळलेलं नाही. दौलताबादला कडुबा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात दोन प्लॉट आहेत. एकात प्रयोगशाळेतली नवी ज्वारी, शेजारी तुलनेसाठी त्याची घरची गुळभेंडी, हुरड्याची ज्वारी. नवी जिंकली की विद्यापीठातली रीडरची पोस्ट आपलीच.

११ डिसेंबर
रोज जमलं नाही. कडुबाची बायको साळूबाई म्हणाली, तुमच्या जवारीचं ताट बैलापुढं टाकलं, हुंगून मान फिरवली त्यानं. सर्व्हेत बैलाचं मत धरत नाहीत.

२० डिसेंबर
विद्यार्थी विद्यापीठाच्या नामांतरासाठी सह्या मागायला आले. म्हटलं, संशोधक तटस्थ असतो. हसले. घरी ही म्हणाली, भाजी कोणती करू विचारलं तरी तुम्ही तटस्थच!

५ जानेवारी १९९४
मंगळवारी निवड कमिटी प्लॉट बघायला येणार. रीडरशिप कमिटीचे अध्यक्ष काकासाहेब यांच्या हातात. कडुबा म्हणाला, पाव्हणं रानात आल्यावर हुरडा नाय दिला तर लोक तोंडात शेण घालतील. मी उदारपणे म्हटलं, तुझ्या गुळभेंडीचा कर, माझ्या ज्वारीला हात लावू नको.

११ जानेवारी, संध्याकाळ
कमिटीबरोबर काकासाहेबांचे वाळूजचे कारखानदार मित्रही. दोन जीप भरून. गोवऱ्यांची आगटी, लसणाची चटणी, दही. मला राहवलं नाही, माझी चार कणसं मीच भाजायला दिली. काकासाहेबांनी चघळली, थुंकली. ही जवारी हाय व्हय, म्हणाले. मग सगळे गुळभेंडीवर तुटून पडले. प्लॉट संपला. मीही खाल्ला. लई गोड.

१२ जानेवारी
उगाच घाबरलो. तुलनेच्या प्लॉटचं उत्पन्न शून्य, म्हणजे माझी ज्वारी कितीतरी पटीनं सरस! रिपोर्टात तसंच लिहिलं.

१५ जानेवारी
काल विद्यापीठाच्या नव्या नावाची घोषणा झाली. त्याच पोरांनी मलाही पेढा दिला. सर, आता तरी बोला, म्हणाले. पेढा चांगला होता.

१ फेब्रुवारी
काकासाहेबांचा फोन. पोस्ट भरली, दुसऱ्याला दिली. माझ्या नावाचं काय झालं, विचारलं. तुमचं नाव निघालं तेव्हा मी तटस्थ राहिलो, म्हणाले. वर, पुढच्या साली गुळभेंडी जास्त पेरायला सांगा, मंडळी यायची म्हणतात.
फार वाईट वाटलं. त्यांनी फोन ठेवला तरी रिसीव्हर माझ्या हातातच. आतून हिनं विचारलं, भाजी कोणती करू?
वांग्याची, म्हणालो. ठामपणे.
घरात वांगी नव्हती.