निळं लेबल, लाल लेबल

३ फेब्रुवारी
डॉक्टरांनी आज टोचलं. माझ्या तीन गाभण गाईंना निळ्या लेबलच्या बाटलीतलं, जाऊबाईंच्या तिघींना लाल लेबलच्या. कासदाहावरची नवी लस तपासायची आहे म्हणे. एका बाटलीत लस, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी. "कशात काय ते मलाही ठाऊक नाही. यादी सीलबंद पाकिटात आहे," असं डॉक्टर म्हणाले. म्हणाले आणि चहाला जाऊबाईंकडे गेले! माहेरचे शेजारी त्यांचे. कुठंतरी पाणी मुरतंय.

४ फेब्रुवारी
माझ्या तिन्ही गाईंच्या मानेवर लिंबाएवढी गाठ. ठिपकीला ताप, वैरणीला तोंड लावत नाही. गोठ्यात वाटणीचा लोखंडी दांडा आहे, त्याच्या पलीकडे जाऊबाईंच्या तिघी निवांत रवंथ करतायत. डॉक्टर फोनवर म्हणाले, "येते कधी कधी गाठ. रोगाशी लढायला शरीर शिकत असतं." माझ्याच गाईंनी शिकायचं, आणि पलीकडच्या काय जन्मतः पंडित? मला काय नासकं टोचून गेलेत देव जाणे. चांगलं औषध गेलं पलीकडे.

८ फेब्रुवारी
गाठी उतरल्या. माझ्या मनातली नाही.

११ फेब्रुवारी
जाऊबाई आज दोनदा आल्या. ठिपकीची मान चाचपली. "किती दिवस होती गं गाठ? तिघींनाही आली होती?" एवढी चौकशी कशाला? गेल्या वर्षी माझ्या भुरीची कास दगडासारखी झाली, दुधाऐवजी रक्त यायला लागलं, शेवटी गाय घालवावी लागली, तेव्हा नाही फिरकल्या. आता ठिपकीचंही तसंच झालं तर? तिला मी बाटलीने दूध पाजून वाढवलंय. ती गेली तर मी त्या गोठ्यात पाऊल ठेवणार नाही.

ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तुला आरशातल्या बाईचाही संशय येतो."

२३ फेब्रुवारी
उद्या दुसरा डोस. डॉक्टर सकाळीच बाटल्या दुधाच्या खोलीतल्या सामाईक फ्रिजमध्ये ठेवून गेले. "तुमच्या भरवशावर ठेवतोय," मला म्हणाले. मलाच का?

दुपारी फ्रिज उघडला. दोन्ही लेबलं ओलीने सुटत आलेली. नखाने ओढलं तर अलगद हातात आलं. निळं काढून लालच्या जागी लावलं, लाल निळ्याच्या जागी. वरून पदराने दाबलं. पण आता खरं औषध माझ्या ठिपकीला मिळणार. चोरी म्हणायची तर म्हणा.

२५ फेब्रुवारी
पुन्हा गाठी. पुन्हा माझ्याच गाईंना!

काल मी दांड्याला टेकून उभी होते, डॉक्टरांनी निळ्या लेबलची बाटली माझ्या गाईंना टोचली ती डोळ्यांनी पाहिली. बाटली बदलली, गाठी मात्र त्याच. डॉक्टरांनी मला ओळखून आधीच काही केलं असेल? की जाऊबाईंनी त्यांना काही सांगितलं? डोकं चालेना.

१४ मार्च
ठिपकी व्यायली. कालवड झाली. कास मऊ आहे. दिवसातून दहादा हात लावून बघते.

२० मार्च
मागचं डावं सड गरम लागलं. पिळलं तर दुधात गुठळ्या. तशीच उठले आणि डॉक्टरांना फोन लावला.

२४ मार्च
ठिपकी सावरली. चार दिवसांत सूज गेली, दूध स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "अंगात ताकद तयार होती हिच्या." मी मनात म्हटलं, ती मी चोरून आणलेली आहे.

२९ मार्च
जाऊबाईंच्या तांबडीला झालं. दोन सडं कायमची गेली. जाऊबाई शेणात बसून रडत होत्या. मला आधी बरं वाटलं. खरंच वाटलं, इथे खोटं कशाला लिहू. मग लाज वाटली. मी औषध पळवलं नसतं तर तांबडी वाचली असती.

२ एप्रिल
डॉक्टरांनी आज पाकीट फोडलं. लस निळी होती! म्हणजे पहिल्या डोसाला ती माझ्याच गाईंना मिळाली होती, आणि दुसऱ्या वेळी मी स्वतःच्या हाताने ती पलीकडे धाडली. मन चिंती ते वैरी न चिंती.

डॉक्टर खूश आहेत. "निळ्यातली आजारी पडली पण सावरली, लालमधलीची सडं गेली. तुमच्या गोठ्याचे आकडे अहवालात जाणार. त्यावर विसंबून पुढे किती गोठे टोचून घेतील!" मी चहाचा कप तोंडाला लावून बसले. ते आकडे खोटे आहेत, हे एकट्या मला माहीत आहे. लोक आपल्या ठिपक्या त्या आकड्यांच्या भरवशावर सोडणार.

४ एप्रिल
जेवण जात नाही. सांगायचं. उद्याच.

५ एप्रिल
सांगितलं. जाऊबाईंसमोरच. डोसाच्या आदल्या दुपारी लेबलं मी बदलली. डॉक्टर खाटेवर बसले ते उठेचनात.

जाऊबाई म्हणाल्या, "त्याच संध्याकाळी मीही बदलली गं. तुझ्या गाईंना गाठी आल्या तेव्हाच कळलं होतं मला, लस तुझ्याकडे आहे."

म्हणजे लेबलं पुन्हा जिथल्या तिथे. ठिपकीला दुसऱ्यांदा लस मिळाली, ती जाऊबाईंच्या हातून.