अण्णाला पेलेल असा कॉर्नेट

कुंभकोणम्, चैत्र, सन १९०८

चि. नरसिंहास थोरल्या भावाचे आशीर्वाद.

माझा डावा खांदा निखळला आणि बँडमधला माझा अवजड युफोनियम तुझ्याकडे गेला. तिरुनागेश्वरमच्या रथोत्सवात तू तो वाजवलास, तेव्हा मी गर्दीत उभा होतो. तुझा एक तरी सूर चुकावा, असे मी देवाला विनवीत होतो. एकही चुकला नाही.

काल मी जुन्या वाद्यांच्या दुकानी हलके काही पाहायला गेलो. दोन कॉर्नेट डाव्या हाताने उचलून पाहिले, पेलले नाहीत. तिसरा पोचे पडलेला होता, पण रिकाम्या तांब्याएवढा हलका.

दुकानदार म्हणाला, "तो तुमच्यासाठीच ठेवलाय. तंजावरला जायच्या आधी तुमचे तंबी, धाकटे भाऊ, आले होते. एकेक कॉर्नेट डाव्या हातात धरून घटकाभर उभे राहिले. म्हणाले, 'अण्णाला हाच पेलेल. माझे नाव मात्र सांगू नका.'"

मी रागाने तसाच परतलो. माझे वाद्य तू घेतलेस, आणि दुसरे निवडायलाही माझ्या आधी पोचलास!

आज जाऊन तोच आणला. दुसरा पेलतच नाही.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. वाचून तू मला क्षमा करशील, आणि ती माझ्याने सोसवणार नाही.

तुझा अण्णा,
चंद्रमौली