आतड्याचं तोंड

३ सप्टें.
भाची शीतल बाळाला घेऊन पुण्याहून मांडवगणला माहेरी आली. दोन महिने आधीच जन्मलेली पोर. आतडं सडलं म्हणून तुकडा कापला, उरलेल्याचं तोंड पोटावर काढलंय, त्यावर पिशवी. सव्वादोन किलो भरली की पुन्हा आत जोडणार. सूचनांचा कागद इंग्रजीत. तिच्या आईसाठी, म्हणजे माझ्या आक्कासाठी, मराठी केलं: 'आंत्रमुखावर बंधन वर्ज्य. आरक्त व आर्द्र वर्ण हे सुलक्षण.' स्वतःवरच खूश.

९ सप्टें.
दुपारी शीतलचा फोन. पोटावरचं आतड्याचं तोंड काळंनिळं पडलंय. शिरूरहून गाडी काढली, वाटेतच पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, आधी पोटावर काही बांधलंय का बघायला सांगा. बांधलं होतं. बाया बाळ बघायला येणार, पिशवी दिसून पोरीला नजर लागू नये म्हणून आक्कानं लुगड्याची पट्टी करकचून आवळलेली. शीतलचा तेव्हा डोळा लागला होता.
पट्टी सोडली. मी पोचेपर्यंत रंग परतत होता. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आणखी दोन तास गेले असते तर आतडं गेलं असतं.
आक्काला विचारलं, कागद वाचला नाहीस?
"वाचला की. लई पवित्र वाटला. देव्हाऱ्यात ठिवलाय."

१० सप्टें.
नवा कागद: 'पोटाला फडकं बांधायचं न्हाई. लाल हाय तवर बरं. काळं पडलं की फोन.' आक्का म्हणाली, "आता कसं माणसावानी लिव्हलंस." तालुक्याच्या बातम्या लिहिण्यात पंचवीस वर्षं गेली, इतका नेमका संपादक भेटला नव्हता.

१ ऑक्टो.
सव्वादोन भरली. आज पुण्यात ऑपरेशन. दोन तास. बाईंच्या मते जोड चांगला बसलाय. गळू शकतो, आक्रसू शकतो. शी झाली की वाट मोकळी. तोवर दूध बंद.

४ ऑक्टो.
तिसरा दिवस. काव्यशास्त्रविनोदात वाढलेला मी वीतभर पोरीच्या शीची वाट बघतोय. दर तासाला आक्काचा फोन, "झाली का?" शीतलचा नवरा कुरकुंभच्या कारखान्यातल्या शिफ्टमधून मेसेजवर तेच विचारतोय.
पोट मऊ. ताप नाही. बाईंना आतड्याचा आवाज ऐकू आला. बरं लक्षण, पण बातमी नव्हे.
शीतलनं विचारलं, "मामा, नीट होईल ना?"
"होईल," म्हटलं. सूत्रांचा हवाला न देता.
आत्ताच लंगोट बदलला. नुसता ओला.