तेल लावलेले टायर

बाबा, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही ज्यांच्याकडे ड्रायव्हर होतात त्या शेटजींच्या जुन्या व्हॅनच्या टायरांना तेल मीच लावलं होतं. दिवाळीत आपण बैलांच्या शिंगांना तेल लावतो, शिंगं चकाकली की म्हातारा बैलही तरणा दिसतो. मला वाटलं, गाडीचंही तसंच. वाटीभर खुरासणीचं तेल गेलं, पण चाकं काळीभोर झाली. संस्थानात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. सून मोटारीतून येणार म्हणून सासरच्यांनी मोखाडाभर सांगून ठेवलेलं, आणि मीही काही कमी मिरवलं नव्हतं.

लग्न लागून सासरी निघायच्या वेळी तुम्ही चाकाशी उकिडवे बसलात. धोतराच्या सोग्याने टायर पुसलात, बाजूचं रबर अंगठ्याने दाबलंत, तशा बारीक भेगा उघड्या पडल्या. माझे सासरे म्हणाले, "अहो, खाचा तर नव्यासारख्या हायेत!" तुम्ही म्हणालात, "खाचा हायेत, पन रबर मेलाय. गाडी चालली थोडी, उन्हात उभीच जास्त. आन् वरून कोनी तेल चोपडलंय, तेल रबराला खातं. मी मानसं भरून घाटात जानार नाय." कोणी चोपडलं ते तुम्हाला कळलं असणारच, माझ्या हातांना वास येत होता. तुम्ही विचारलं नाहीत. मी मात्र सगळ्यांदेखत बोलले, "आज तरी माझी शोभा करू नका." आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

वऱ्हाड बैलगाड्यांतून निघालं. मागून तुम्ही एकटेच रिकामी व्हॅन घेऊन येताय, बैलांच्या चालीने, लेकीच्या वरातीत मोटार दिसावी म्हणून. घाटातल्या वळणावर पुढचा टायर फुटतो, व्हॅन दरडीवर आदळते. तुम्ही कपाळाचं रक्त पुसत उतरता. सासऱ्यांनी तिथेच हात जोडले, "आम्ही बसलो असतो तर!" सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, उतर, बाबांना बघून ये." मी उतरले नाही. ती लंगडी गाडी, तुमचा फाटका सदरा, सगळे बघतायत. मला तुमची लाज वाटली, बाबा. "ते बरे आहेत, चला," एवढंच म्हणाले.

सासरी तुमच्या शहाणपणाची गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली आणि मी मान डोलवत राहिले. हे पत्र टाकायला आता पत्ता नाही, तरी लिहून काढलं. घाटात गाड्या पुन्हा हलल्या तेव्हा तुम्ही हात वर केला होतात. पुढे आईला म्हणालात, "पोरीला दिसलं नसंल, पदर होता डोळ्यांवर." बाबा, मला दिसलं होतं.