पलंगाच्या सागवानाची गिटार

बाबा, तुमच्या पलंगाची डोक्याकडची फळी कापून मी गिटार केली आहे. विजेवर चालणारी. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "वेड लागलं का गा तुले या वयात?" लागलंच असेल. तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे निघून आलोय मी. डाव्या हाताची बोटं सकाळी नीट मिटत नाहीत, आणि ती पुरती आखडायच्या आत मला एकच गोष्ट वाजवायची आहे: पाचवीतली पळसाची कविता, आमच्या बाईंनी लावलेल्या खऱ्या चालीत.

तुम्हाला आठवत असेल ती. तिची चाल तुम्हीच तर बिघडवली. कोराडीच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर, दाराबाहेर राखेनं करडे झालेले तुमचे बूट. ड्युटीवरून आलात की चहा घेऊन तुम्ही खाली फरशीवर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रेडिओ उघडून बसायचे. आई पोळ्या लाटते आहे, सोल्डरच्या राळेचा धूर तिच्या फोडणीत मिसळतो आहे, मी भिंतीला टेकून कविता पाठ करतो आहे. आणि मधेच तुम्ही माझ्या तोंडून ती उचलता. तिसऱ्या ओळीला बाईंचा आवाज कसा झाडाच्या शेंड्यापर्यंत जायचा, आणि तुम्ही नेमके तिथंच खाली उतरायचे, पार तळाशी. रोज ऐकून ऐकून तेच माझ्या गळ्यात बसलं. वर्गात म्हटलं, तर बाईंनी पट्टी आपटली. "ही कुठली चाल रे? कुणाला पोचवायला निघालास?" सगळा वर्ग हसला. मी घरी येऊन रडलो, आणि तुम्ही सोल्डरवरची नजरसुद्धा न काढता म्हणालात, "काहून रडून राहिला? पळसाचं फूल खालीच पडते न? मंग चालही खालीच येईन." असं उत्तर मिळाल्यावर पोरानं करायचं काय?

तर ही गिटार. लाकूड कापण्यापर्यंत सगळं छान झालं. सागवान जड आहे, मांडीवर घेतलं की पाय बधिर होतो, पण रंधा मारताना त्यातून अजून तेलाचा वास येतो. मान तयार मिळाली, तारांखालची लोहचुंबकं, आवाजाची बटणं, जॅक सगळं बर्डीच्या बाजारातून आणलं. वायरी जोडल्या, स्पीकर लावला, आणि घूंऽऽ. नुसतं घूं. तार छेडली तरी त्या घुंघुंच्या आत कुठंतरी दबलेला सूर, विहिरीत पडलेल्या माणसानं हाक मारावी तसा. सगळे सांधे उकलून पुन्हा सोल्डर केले. घूं. बटणं बदलली. घूं. आतल्या पोकळीला तांब्याचा पत्रा चिकटवला, बोट कापून घेतलं. घूं ते घूंच. चिडून एकदा पकड फेकली ती देवघरात गेली. तुमची सून दारात येऊन उभी. "अहो, बंद करून राहिले का ते? कुकरच्या शिट्ट्या आयकू येत नाहीत मले. कवितेची चाल वाजवतो म्हणे! ही तर पिठाच्या गिरणीची चाल आहे." मी देवघरातून पकड उचलून आणली.

खरं म्हणजे बटणांसोबत आलेल्या जोडणीच्या नकाशात एक वायर होती, जी मी जोडलीच नव्हती. विसरलो नव्हतो, मुद्दाम सोडली होती. बटणाच्या पाठीपासून निघून ती तारा अडकवतात त्या धातूच्या पट्टीला जाते. म्हणजे सगळ्या तारा वायरिंगला जोडल्या जातात. ते पाहूनच अंगावर काटा आला. कारण तुमचा एकच कायदा आमच्या घरात होता: जिथं माणसाचा हात जाते तिथं वायर जाऊ द्यायची नाही. कुठलंही यंत्र असो, तुम्ही आधी उलट्या हातानं शिवायचे. झटका बसला तर मूठ आवळून त्यालाच धरून बसू नये म्हणून. आणि इथं हे लोक सांगतात, वायर थेट बोटांखाली नेऊन सोडा. नकाशा छापणाऱ्याला अक्कल नाही, असं मी ठरवून टाकलं.

काल दुपारी वैतागून स्पीकरचा जॅक उपटायला गेलो. त्याच्या धातूला बोट लागलं आणि घूं बसली. बोट काढलं, पुन्हा सुरू. लावलं, गप्प. किती वेळ मी तेच करत बसलो. मग डोळ्यांपुढे आला आपल्या क्वार्टरमागचा अर्थिंगचा खड्डा. मीठ आणि कोळसा घालून तुम्ही भरलेला, आणि उन्हाळ्यात रोज माझ्याकडून त्यात बादलीभर पाणी ओतून घ्यायचे. मी कुरकुर करायचो. "ओत गा. जमीन कोरडी पडली तर वीज जाईन कुठं?" ती वायर हातापर्यंत वीज आणणारी नव्हतीच, बाबा. ती हाताला जमिनीशी जोडणारी होती. दोन्ही गोष्टी तुम्हीच शिकवल्या होत्या. त्यातली एकच मी इतकी वर्षं घट्ट धरून बसलो.

आज सकाळी आधी प्लगचं अर्थिंग टेस्टचा बल्ब लावून तपासलं, या घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. मग वायर जोडली. बटण चालू केलं, घूं आलीच. मी तारांना उलटा हात लावला. शांत झालं. इतकं, की स्वयंपाकघरातली फोडणी ऐकू आली.

मग वाजवायला घेतली. पहिली ओळ आली, दुसरी आली. तिसरीला बोटं वर न्यायला गेलो आणि ती खाली उतरली. पुन्हा केलं, पुन्हा खाली. बाईंचा चेहरा आठवतो, पट्टी आठवते, तिसऱ्या ओळीला उंचावलेली त्यांची हनुवटीसुद्धा आठवते. चाल आठवत नाही. इतका खटाटोप केला, पलंग मोडला, आणि शेवटी निघालं काय, तर तुमचं ते फरशीवरचं बेसूर! संताप आला. एवढी एक गोष्ट तरी सोडायची होती माझ्यासाठी.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. गिटारच्या मागच्या झाकणाखाली थोडी जागा उरली आहे, तिथं घडी घालून ठेवीन. एवढंच सांगायचं राहिलं की मी तिसऱ्यांदा ती ओळ वाजवत होतो तेव्हा तुमची सून हात पुसत आली आणि ऐकत उभी राहिली. "चांगली आहे वं बाई चाल," स्वतःशीच म्हणाली, आणि मला विचारलं, "तुमच्या बाईंची का?"

मी हो म्हणालो.