हिरवा ठिपका

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

सामान आलं. एकही कप फुटला नाही, हा मी शुभशकुन मानला. उमाकांत म्हणाला, कप प्लॅस्टिकचे होते. त्याची बँकेने एग्मोरच्या शाखेत बदली केली म्हणून आम्ही अकोल्याहून थेट चेन्नईत, पेरुंगुडीच्या या चौथ्या मजल्यावर आलो. शाळेच्या ऑफिसातली माझी एकवीस वर्षांची नोकरी तिकडेच राहिली. वाईट वाटायला हवं होतं. पण दुपारी तीनला खिडकीतून समुद्राचा वारा आला आणि मला उगाचच हसू आलं. सेहेचाळिसाव्या वर्षी नवं गाव. मजाच आहे.

संध्याकाळी शेजारच्या सईबाई डबा घेऊन आल्या. अठ्ठ्याहत्तरच्या असतील, एकट्याच राहतात. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेलं. त्यांची मराठी ऐकताना जुनी पोथी कोणीतरी तमिळ चालीत वाचतंय असं वाटतं. 'सगळं' नाही म्हणत, 'अस्की' म्हणतात. माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, तुम्ही तिकडचे लोक केवढं भरभर बोलता गे, कोणी हिसकून घेणार आहे का मराठी?

२४ नोव्हेंबर, रविवार

दुपारी घर खायला उठतं, म्हणून मी मोबाइल ॲप बनवायचा ऑनलाइन वर्ग लावला आहे. वर्गात मी सोडून सगळे विशी-बाविशीचे. शिकवणारा म्हणतो, पहिलं ॲप छोटं करा आणि ओळखीच्या माणसाची एक अडचण सोडवा.

अडचण सईबाईंनीच दिली. त्यांचा मुलगा गिरीधर कॅनडात असतो. रोज सकाळी फोन करून विचारतो, अम्मा, उठलीस का? सईबाई मला म्हणाल्या, न उठले तर फोन कोण घेईल गे, कण्णा? (कण्णा म्हणजे इथलं 'सोन्या'.) आणि पदर तोंडाला लावून केवढ्या हसल्या.

म्हणून माझं ॲप असं: सकाळी उठल्यावर म्हाताऱ्या माणसाने एक बटण दाबायचं. मुलाला निरोप जातो, 'उठले. बरी आहे.' नावापुढे हिरवा ठिपका. नऊपर्यंत दाबलं नाही तर लाल, आणि मुलाच्या फोनवर घंटा. नाव ठेवलं 'उठले'.

२० डिसेंबर, शुक्रवार

चाललं! माझ्या हातून काहीतरी चाललं!

दोन गोष्टी मी स्वतःच्या डोक्याने केल्या. सईबाई एकदा दाबून खात्री नाही म्हणून पाच-सहा वेळा दाबायच्या आणि गिरीधरला तेवढे निरोप जायचे. आता दिवसाचा पहिला दाब तेवढा धरला जातो, बाकीचे नुसते 'जादा' म्हणून नोंदले जातात, जात कुठेच नाहीत. दुसरं म्हणजे, फोनवरच्या पन्नास चित्रांनी त्या गोंधळतात. म्हणून त्यांच्या फोनवरचं बाकी सगळं मी झाकून टाकलं. आलेला फोन घेता येतो, बाकी फोनभर एकच मोठं बटण. सईबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. बोटं कापूरकाचरीच्या वासाची.

गिरीधरने मला आभाराचं लांबलचक पत्र पाठवलं. आता तो फक्त रविवारी फोन करतो.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

शोळिंगनल्लूरला वृद्धांचं एक मोठं निवास आहे. तिथल्या व्यवस्थापक जननी यांना सकाळी ॲप दाखवायचं होतं. तिशीची चटपटीत बाई. मी सईबाईंचं नाव उघडून बसले आणि सईबाई नेमक्या आज बटण न दाबताच देवळात गेलेल्या. फजिती नको म्हणून गाडीत बसल्या बसल्या मी एक ओळ घातली: सकाळचे सहा-दहा झाले की पहिल्या क्रमांकाचा, म्हणजे सईबाईंचा, ठिपका रोज आपोआप हिरवा, निरोपासकट. पुढे शेरा लिहिला, 'नंतर काढणे.'

जननी खूश झाल्या. म्हणाल्या, बारा माणसं, चौदा दिवस, एकही चूक नको. मग आमच्या साठ जणांना देऊ. सोमवारपासून चाचणी.

१२ जानेवारी, रविवार

सात दिवस, सगळे हिरवे. बारा जण मी गोळा केले: याच इमारतीतले, उमाकांतच्या बँकेतल्यांचे आईवडील. दिवसभर प्रचार. व्हिडिओ करते, व्हॉट्सॲपच्या गटांत टाकते, देवळाबाहेर चिठ्ठ्या वाटते. उमाकांत म्हणतो, अगं, माझ्याकडेही एक बटण दे, जेवायला वाढायची आठवण करणारं.

सईबाईंची कामवाली सेल्वी पोंगलसाठी गावी गेली. शुक्रवारी येईल.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत आणि पोंगल एकाच दिवशी. अर्धी इमारत गावाला गेलेली. सईबाईंना तिळगूळ द्यायला जायचं होतं, पण पोंगलचा व्हिडिओ दुपारपर्यंत टाकला तरच लोक बघतात. तिळगूळ काय, रथसप्तमीपर्यंत देता येतो. त्यांचा ठिपका सकाळीच हिरवा झालाय. भिंतीपलीकडे टीव्हीही चालू आहे.

१५ जानेवारी, बुधवार

सईबाईंच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली. देवळात गेल्या असतील. नासेल म्हणून मी आणून फ्रीजमध्ये ठेवली. ठिपका हिरवा. आज माझ्या व्हिडिओंना चौतीस नवे लोक जोडले गेले!

१६ जानेवारी, गुरुवार

आजही दूध बाहेर. तेही आणून ठेवलं. बेल वाजवणार होते, तेवढ्यात जननींचा फोन आला. त्या म्हणाल्या, निवासाचे विश्वस्त तुमचं कौतुक करताहेत. बोलत बोलत घरात आले आणि मग राहिलंच. ठिपका हिरवा. टीव्ही चालू.

१७ जानेवारी, शुक्रवार

सेल्वी आली. बेल वाजवून थकली. वॉचमनने कुलूप तोडलं.

सईबाई न्हाणीघराच्या दारात पडलेल्या होत्या. गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, आज पहाटे गेल्या असाव्यात, पडून लगेचच. गिरीधर फोनवर रडत होता. म्हणत होता, सकाळीच तर तिचा निरोप आला, उठले, बरी आहे.

फोन त्यांच्या हातातच होता. उजवा अंगठा बटणावर. अंगठ्याची कातडी —

नाही लिहिता येत.

१८ जानेवारी, शनिवार

ती ओळ मी काढलीच नव्हती. नंतर काढणे.

दुपारी नोंदी उघडल्या. सोमवारपर्यंत रोज पाच-सहा दाब. सईबाईंचे, सकाळचे. मग मंगळवार. पहिला दाब सहा बावन्नला. ठिपका त्याआधीच, सहा-दहाला, आपोआप हिरवा झालेला. म्हणून तो जादा. त्यानंतरचे सगळे जादा.

मंगळवारी एकतीस. बुधवारी नव्वद. गुरुवारी त्र्याण्णव.

शुक्रवारी शून्य. ठिपका मात्र सहा-दहाला हिरवा.

तीन दिवस त्या जिवंत होत्या. भिंतीपलीकडे. दुसरं काही दाबण्यासारखं मी त्यांच्या फोनवर ठेवलंच नव्हतं. आवाज दिला असेल तर टीव्ही होता.

फ्रीजमध्ये दुधाच्या दोन पिशव्या. हे फक्त मला माहीत आहे.

२० जानेवारी, सोमवार

गिरीधर आला. उंच आहे, खांदे सईबाईंसारखे उतरते. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, अक्का, तिला त्रास झाला नाही, शेवटच्या सकाळपर्यंत ती मला सांगत होती, हे तुमच्यामुळे कळलं. त्याने ते लिहूनही दिलं, आईच्या फोटोसकट. जननींनी ते सगळीकडे टाकलं. त्या म्हणाल्या, याहून चांगली जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

मी त्याला सांगणार होते. खरंच तोंड उघडलं होतं. उमाकांत शेजारी उभा होता, किती वर्षांनी असा अभिमानाने माझ्याकडे बघत.

घरी येऊन ती ओळ काढली. नोंदी पुसल्या. दूध मोरीत ओतलं. घट्ट झालं होतं, सावकाश गेलं.

२२ जानेवारी, बुधवार

पुसलेल्या जागी नोंद आहे. सईबाई. जादा एक.

गिरीधरने फोन चालू केला असेल. विचारून आले. तो म्हणाला, त्या दिवसापासून बंद आहे, कपाटात. कपाट उघडून दाखवलं. काळी काच. बटणाच्या जागी झिजल्यासारखा अंगठ्याएवढा डाग.

परत आले तर सात.

रात्र पडायच्या आत एकतीस. मग थांबलं.

२३ जानेवारी, गुरुवार

त्यांचं नाव काढून टाकलं. यादीत आता अकराच. बाराव्या ओळीत नाव नाही, ठिपका आहे. हिरवा.

नव्वदावर थांबेल हे मला माहीत होतं. थांबलं. संध्याकाळी पाच-चाळीसला.

२४ जानेवारी, शुक्रवार

त्र्याण्णव. शेवटच्यांत खूप अंतर आहे. एक — मग चाळीस मिनिटं — मग एक. मी समोर बसून होते. जेवले नाही. उठवेना. त्या दिवशी मी बसले नव्हते, म्हणून आज.

२९ जानेवारी, बुधवार

तेरावा. पंक्तीत गिरीधर माझ्यासमोर वाढत होता. मी ठरवून गेले होते. पान पुढे सरकवलं, म्हटलं, गिरीधर, मंगळवारी —

तो थांबला. पळी हातात. त्याने विचारलं, अम्मा मंगळवारी काय म्हणाली, अक्का? तुम्ही भेटला होतात ना संक्रांतीला?

मी म्हणाले, हो. खूप आनंदात होत्या. तुझंच बोलत होत्या.

कोणी बोलायला लावलं नाही. हे माझ्याच तोंडून आलं. त्याने माझ्या पानावर आणखी खीर वाढली. मी खाल्ली.

३ फेब्रुवारी, सोमवार

शोळिंगनल्लूर. सभागृह, हार, भिंतीवर मोठा पडदा. पडद्यावर साठ नावं. फोन अजून खोक्यांत. खोक्यांना पट्ट्या लावलेल्या.

साठही ठिपके हिरवे.

जननींना वाटलं, नमुना दाखवतेय. टाळ्या वाजल्या. मी माझ्या फोनवर नोंदी उघडल्या. प्रत्येक नावापुढे, जादा त्र्याण्णव.

जननींना बाजूला घेऊन म्हटलं, आज नको देऊया. त्यांनी कारण विचारलं. कारण सांगायचं म्हणजे सईबाईंचं सांगायचं. मी म्हटलं, जरा धाकधूक होतेय. त्यांनी माझी पाठ थोपटली.

पट्ट्या फोडल्या. नोंदी शून्य झाल्या. फोन वाटले. पहिल्या रांगेत दिनानाथ म्हणून एक रेल्वेतले निवृत्त गृहस्थ, नागपूरचे. बटण दाबून मला म्हणाले, बाई, हे दाबलं की चहा येतो काय हो? सगळे हसले. मग हळूच म्हणाले, येतं ना कोणी नक्की?

मी हो म्हटलं.

निघताना जननींनी सांगितलं, आता सकाळी खोल्याखोल्यांतून फिरणाऱ्या बाईची गरज नाही. ती फेरी उद्यापासून बंद. हिरवं दिसलं की झालं.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळचे अकरा. साठही हिरवे. जादा सगळ्यांचे शून्य —

दिनानाथ. जादा बारा.

जननींना फोन केला. त्या म्हणाल्या, अहो, बघा ना, हिरवेच आहेत. मिटिंगमध्ये होत्या. ठेवला.

एकोणीस. सईबाईच असतील. बंद कपाटातून करत होत्या, खोक्यांतून केलं, हेही तेच. हे खरं नसणार —

पण अंतर तसं नाही. भरभर दाबताहेत. तेवीस. चोवीस.

रिक्षाने वीस मिनिटं. चप्पल घातली आहे. दार उघडं आहे. तिथे जाऊन काय सांगू — कसं कळलं विचारतील — जादा दाब तुम्हाला दिसतात? मग सईबाईंचेही दिसले असतील — मग गिरीधर —

उमाकांतला फोन केला. सगळं सांगणार होते. तो म्हणाला, हिरवा आहे ना, मग?

एकेचाळीस.

निघतेच. एवढं लिहून निघते —

सेहेचाळीस. आता मध्ये अंतर पडतंय. म्हणजे सईबाईच. त्यांचंच असं अंतर पडायचं. की —

सत्तेचाळीस. दाबताहेत म्हणजे जिवंत तर आहेत. अजून वेळ आहे. थोडं थांबून